एक जूनची बाई, एक जानेवारीची पोर

तुमचा वाढदिवस खरा आहे का हो? हसू नका, आधी सांगा. केक कापता तो नाही, शाळेच्या दाखल्यावरचा विचारतेय. माझा खोटा आहे. मी बार्शीकडच्या खेड्यातली. माझ्या जन्माचं आईला एवढंच आठवायचं की ज्वारीची काढणी चालली होती आणि सुईणीला शेतातून बोलावून आणली. वडील मला शाळेत घालायला घेऊन गेले तेव्हा गुरुजी म्हणाले, हात डोक्यावरून घे आणि पलीकडचा कान धर. माझी बोटं कानाला लागेनात, तरी गुरुजी म्हणाले राहू द्या, पोरगी चुणचुणीत आहे, आणि लिहिलं एक जून, वर्ष एक मागचं. आमचा अर्धा वर्ग एक जूनचा, म्हणजे गावात त्या दिवशी सुइणींची काय धांदल उडाली असेल बघा.

त्याच तारखेवर माझं मॅट्रिक झालं, लग्न झालं, त्याच तारखेवर कॅनडाचा पासपोर्ट मिळाला. मालकांना इथं इंजिनिअरचं काम मिळेना, म्हणून मी टोरांटोला, एटोबिको भागात विमानतळाजवळ विमानातलं जेवण बनवतात त्या कारखान्यात लागले, आणि ट्रे भरता भरता तिथंच रिटायर झाले. या सगळ्यात मी एकच गोष्ट शिकले, की कागदावर जे आहे तेच बोलायचं, त्याच्या बाहेर अक्षर काढायचं नाही. काय सांगू तुम्हाला, त्या शिकण्यानंच घात केला.

रिटायर झाल्यावर घरी बसवेना. निर्वासित लोकांना मदत करणारी एक संस्था आहे, तिथं मी हिंदी बोलायला जायला लागले. म्हणजे समोरचा हिंदीत बोलतो, मी इंग्रजीत सांगते. माझं इंग्रजी कारखान्यातलं, पण चालतं. मुलगा नीलेश म्हणायचा, आई, यू आर नॉट अ लॉयर. मी म्हणायचे, बरं झालं नाही ते.

तर एक दिवस मर्झिया आली. एकटी. अफगाणी मुलगी, पण दिल्लीत वाढलेली, हिंदी माझ्यापेक्षा चांगली. आईबाप नाहीत. मावशीकडं राहायची, तर मावशीच्या नवऱ्यानं ठरवलं हिला काबूलला पाठवायची आणि तिथल्या एका म्हाताऱ्याला द्यायची. मावशीनं गुपचूप दागिने मोडले, एजंट गाठला आणि पोरीला विमानात बसवली. संस्थेतली मिशेल फॉर्म भरत होती. तिनं विचारलं, हाउ ओल्ड? पोर माझ्याकडं बघायला लागली. आणि मी काय केलं, तर समोरचा पासपोर्ट बघितला, त्यावर एक जानेवारी आणि एकोणीस वर्षं, आणि मी तिला म्हणलं, बेटा, काग़ज़ पे जो है वही बोल, काग़ज़ से अलग कुछ मत बोलना. ती म्हणाली नाइन्टीन. मीच माझ्या तोंडानं बोलायला लावलं.

एकोणीस म्हणजे मोठी. मोठ्या माणसाला इथं कुणी पालक देत नाही, घर देत नाही, शाळेत नेऊन बसवत नाही. तिला बायकांच्या शेल्टरमध्ये एक बंक, म्हणजे वरखालच्या पलंगातला एक, मिळाला, चाळीस-पन्नास वर्षांच्या अनोळखी बायकांत. आणि पुढं निर्वासित म्हणून इथं राहू द्यायचं का नाही त्याच्या सुनावणीला उभं राहायचं तेही एकटीनं, सगळं समजून उमजून बोलते आहे असं धरून.

मी अधूनमधून चिवडा घेऊन जायचे. ती अंगात जॅकेट घालूनच पलंगावर बसलेली असायची, बूटसुद्धा काढायची नाही, म्हणायची चोरीला जातात. एकदा तिचा चेहरा फारच उतरलेला दिसला म्हणून मी म्हणलं, तेरा बर्थडे कब है, मैं केक लाऊंगी. तर ती म्हणाली, कौनसा आंटी, काग़ज़वाला या असली?

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. अहो, हा प्रश्न जन्मभर माझा होता. मी विचारलं, असली कितने साल की है तू? ती म्हणाली, सोला. एकट्या लहान मुलीला विमानात बसवत नाहीत म्हणून एजंटनं वय वाढवलं होतं. मी म्हणलं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस? म्हणाली, आपने ही तो मना किया था.

त्या दिवशी मी बसमध्ये रडले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी मिशेलपुढं उभी राहिले आणि म्हणलं, चूक पोरीची नाही, माझी आहे. मिशेल म्हणाली आता वय बदलायचं तर पुरावा लागेल, आणि आधी एक बोलली, आता दुसरं बोलते, म्हणून सरकारी अधिकारी तिला खोटारडी धरतील. नीलेश म्हणाला, आई, डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ड. मी म्हणलं, बाळा, मी इन्व्हॉल्व्ड होऊन बसले आहे, आता निघायचं कसं ते सांग.

दिल्लीला मावशीला फोन लावला. नवरा बाहेर गेल्यावरच ती बोलायची. शाळेचा दाखला नको म्हणलं, दाखल्याची किंमत मला माहीत आहे. म्हणलं, लहानपणी पोरीला सुया टोचल्या असतील ना, ते कार्ड शोध. मर्झिया दिल्लीतच एका खोलीत जन्मलेली, जन्माचा दाखला नाही, पण सरकारी दवाखान्यात लशी दिलेल्या. आठ दिवसांनी फोटो आला. पिवळं पडलेलं कार्ड, दीड महिन्याची लस, नऊ महिन्यांची गोवराची, प्रत्येकीपुढं तारीख आणि शिक्का. शाळेतली तारीख गुरुजी मनानं लिहितील, पण दीड महिन्याच्या बाळाला कुणी तीन वर्षांचं म्हणेल का?

ते कार्ड घेऊन आम्ही इमिग्रेशनच्या ऑफिसात गेलो. तिथला अधिकारी मला म्हणाला, पासपोर्टवरची तारीख चुकीची असते हे तुम्हाला कसं माहीत? मी पर्समधून माझा शाळेचा दाखला काढला, कॅनडाचा पासपोर्ट काढला, दोन्ही टेबलावर ठेवले. म्हणलं, सर, ही तारीख खोटी आहे, आणि तुमच्या सरकारनं इतकी वर्षं ती खरी मानली. मी म्हातारी आहे म्हणून मला त्याचा त्रास नाही, या पोरीला आहे. तो हसला नाही, पण कार्ड परत उचलून एकेक शिक्का वाचायला लागला.

तीन आठवड्यांनी मिशेलचा फोन आला. शी इज सिक्स्टीन, म्हणाली. मी सोफ्यावर बसले ती उठेचना. मालकांनी येऊन विचारलं काय झालं, मी म्हणलं काही नाही, पोरगी लहान झाली.

आता ती स्कारबरोला एका तमिळ बाईंकडं राहते. स्वतःची खोली आहे, दाराला कडी आहे. अकरावीत जाते. सुनावणीत तिच्या बाजूनं बोलायला हक्काचं मोठं माणूस नेमलंय. निकाल अजून लागायचाय, पण ती एकटी नाही. परवा आली तर बूट दारात काढून आली, कुठंही टाकलेले, एक इकडं एक तिकडं. मी रागावले नाही. बघत बसले.

पण मला सांगा, हे माझ्या एक जूनच्या आठवणीवर आणि एका कार्डावर का अवलंबून असावं? एकटं पोर आलं की पहिल्याच दिवशी, पहिल्या कागदावर सही व्हायच्या आधी, त्याच्या शेजारी एक जाणकार माणूस बसवा, माझ्यासारखी घाबरट बाई नको. आणि वयाचा निकाल लागेपर्यंत त्याला मूलच समजा. एवढंच मागणं आहे, आणि ही भीक नव्हे.

तर तुम्ही वाचणारे, एक काम करा. आजच तुमच्या एमपीपीला, म्हणजे इथल्या आमदाराला, हे दोन ओळींत लिहा, नाही जमलं तर मुलांकडून इंग्रजीत लिहून घ्या. खाली सही करा, आणि सहीशेजारी तुमची जन्मतारीख घाला. एक जून असली तर लाजू नका, ठळक लिहा.