रंजिता युरोपला निघाली, त्याआधी एक कबुली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बाळारामशेठ, व्यासपीठावर बसलेल्या विधी महाविद्यालयाच्या प्राचार्या दिपालीताई, आमच्या वकील संघटनेचे सर्व ज्येष्ठ आणि कनिष्ठ सभासद, कोर्टातले कर्मचारी बंधुभगिनी, अंबाडीच्या पुढून दोन रिक्षा बदलून आलेल्या रंजिताच्या मातोश्री आनंदीबाई, वडील नामाभाऊ, आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती आमची रंजिता!

लाइट आहे तोवर माईकवर बोलतो. गेली तर नुसत्या आवाजावर बोलेन. तीस वर्षं भिवंडीच्या कोर्टात काढली आहेत, आवाजाची चिंता नको.

रंजिता पाच वर्षं माझ्या ऑफिसात ज्युनिअर होती. येत्या सोमवारी ती नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला निघाली आहे. विषय कोणता? युरोपातला फौजदारी कायदा. हे ऐकल्यावर आमच्या अध्यक्षांनी, वळ गावातल्या त्यांच्या गोडाऊनच्या ओट्यावर बसून, मला विचारलं, “केसरीनाथ, ही पोर तिकरच्या चोरांना सोरवाला चालली काय?” शेठ, हसू नका, तुम्हीच विचारलंत! आणि प्रश्न वाजवी आहे. तिकडचे चोर सोडवायचे नसतील, तर भिवंडीच्या वकिलाला युरोपचा कायदा कशाला?

मलाही ठाऊक नव्हतं. तिनेच शिकवलं. २००४ पासून, म्हणजे गेल्या तीन-चार वर्षांत, तिकडे अशी सोय झाली आहे की एका देशाच्या कोर्टाने काढलेलं अटक वॉरंट दुसऱ्या देशात थेट चालतं. आपलं वॉरंट खाडी ओलांडून कल्याणला पोहोचेपर्यंत आरोपीला नातू झालेला असतो. असो, माननीय न्यायाधीश सभागृहात नाहीत म्हणून बोललो. तर मुद्दा असा, की आपली माणसं आता जगभर कामाला जातात. तिकडे कुणी अडकला, तर त्याच्या घरच्यांना कागद समजावून सांगणारं इथे कोण आहे? आरोपी एका देशात, पुरावा दुसऱ्या देशात, असे खटले वाढणार आहेत. ते जाणणारे वकील मुंबईतसुद्धा मोजकेच. मोठ्या कंपन्यांना असे वकील हवेत, सरकारला हवेत, दिपालीताईंच्या कॉलेजला शिकवायलाही हवेत. तेव्हा शेठ, तुमची लेक पूर्वी यंदा बारावीला आहे ना? तिला नुसतं गोडाऊनचं भाडं वसूल करायला बसवू नका.

हे झालं करिअरचं. आता जे सांगायला मी उभा आहे, ते सांगतो. सकाळपासून धीर गोळा करतोय.

आमच्या धंद्यात एक चाल आहे. लहानसहान केस, पहिलाच गुन्हा, आरोपी कारखान्यातला कामगार. मग आम्ही काय सांगतो? “कबूल कर ले भाई, दंड भर, शिफ्ट पकड.” खटला लढवायचा तर वर्षभर तारखा, दर तारखेला एक ड्युटी बुडणार. यात आम्ही त्याच्यावर उपकारच करतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी नरसय्या नावाचा लूम कामगार माझ्याकडे आला. तेलंगणातून येऊन त्याला दोन महिने झाले होते. सूत गुंडाळलेले कोन भरलेली गोणी खांद्यावर घेऊन जाताना पकडला गेला होता. आरोप चोरीचा. मी कोर्टाच्या व्हरांड्यात हिंदीत त्याला दोन मिनिटं समजावलं. त्याने मान हलवली. कोर्टाने विचारलं, गुन्हा कबूल आहे का? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणून त्यानेही हलवली. माझ्या दृष्टीने काम संपलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “साहेब, आरोपीला काही कळलेलं नाही.”

वकील मंडळी, विचार करा. भर कोर्टात स्वतःच्या सीनिअरविरुद्ध ज्युनिअर उभी! माझ्या कानशिलांना आग लागली. पण कोर्टाने तिचं ऐकलं आणि दोन दिवसांची तारीख दिली. रंजिता पद्मानगरमध्ये गेली आणि तेलुगू शाळेतले एक निवृत्त गुरुजी घेऊन आली. गुरुजींनी विचारलं आणि नरसय्या पहिल्यांदाच सलग बोलला. गोणी मुकादमाने दिली होती, पलीकडच्या गाळ्यात नेऊन टाक म्हणाला होता. साहेब काय विचारतात ते त्याला समजलं नव्हतं. वकील मान हलवतो म्हणजे हलवायची असते, एवढंच समजलं होतं.

सात महिन्यांनी तो निर्दोष सुटला. चोरीचा शिक्का बसला असता तर भिवंडीतल्या एकाही कारखान्याने त्याला दारात उभं केलं नसतं. आणि तो शिक्का मी, त्याचा वकील, मारायला निघालो होतो.

त्या दिवशी कोर्टातून आल्यावर मी तीन दिवस घरात रंजिताच्या नावाने चिडचिड केली. चौथ्या दिवशी धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेतून एक कागद छापून आणून तिने माझ्या टेबलावर ठेवला. आरोपीला समजणाऱ्या भाषेत आरोप सांगणं, दुभाषा फुकट देणं, हा युरोपात त्याचा हक्क आहे, असं त्यात होतं. मी म्हणालो, “त्यात काय, आपल्याही कायद्यात समजेल अशा भाषेत सांगा असं लिहिलंय.” ती म्हणाली, “व्हय सर. मग?” त्या दिवसापासून तिला या अभ्यासाचा नाद लागला.

यंदा तिने अर्ज केला. अर्जासोबत सीनिअरचं पत्र हवं होतं. त्यात एक प्रश्न: उमेदवार तुमच्याशी कधी असहमत झाली, आणि बरोबर कोण निघालं? पत्राविना अर्ज बाद होणार होता. मित्रहो, तो कागद मी अकरा दिवस खणात ठेवला. शेवटी लिहिलं, “आज्ञाधारक व मेहनती.” माझी पत्नी कमळ, ती बघा तिसऱ्या रांगेत, तिने ते वाचलं. म्हणाली, “आज्ञाधारक? ही रंजिता? मंग तीन दिस घरान कोनावर चिरत व्हतात? खोटा लिवाल तर त्या पोरीला कोन घेल?”

मी ते पत्र फाडलं आणि खरं लिहिलं. चूक कुणाची होती तेही लिहिलं, सही-शिक्क्यानिशी. तिची निवड झाली. मला खूप आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली. सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांजवळ मी चूक कबूल केली होती, आणि ज्याच्याबाबतीत केली तो इथे दोन गल्ल्या सोडून राहतो!

आनंदीबाईंनी लेकीला विचारलं म्हणे, “तिकडं तुला कोन हाय?” ती म्हणाली, “आये, त्या दिशी कोर्टात तरी मला कोन व्हतं?” बाई, काळजी करू नका. जी माझ्यासमोर उभी राहिली, ती कुणाहीसमोर उभी राहील.

संघटनेचे, अध्यक्षांचे, प्राचार्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. भाषणाच्या शेवटी वक्ता म्हणतो, काही चुकलं असेल तर पदरात घ्या. आजवर मी ते सवयीने म्हणत आलो. आज ते एका माणसाला उद्देशून म्हणायचं आहे. नरसय्या शेवटच्या रांगेत बसले आहेत, शिफ्ट बदलून आले आहेत. शेजारी गुरुजी आहेत. चूक माझीच होती, मला क्षमा करा, एवढं मी गुरुजींकडून तेलुगूत आठवडाभर पाठ केलंय.

नरसय्या, नादे तप्पु. नन्नु क्षमिंचंडि.

त्यांनी मान हलवली. नाही, थांबा, टाळ्या नकोत. मानेवर मी आता विसंबत नाही. गुरुजी, विचारा बरं त्यांना, मी काय म्हणालो ते नीट कळलं का?

कळलं म्हणतायत. मग मी खाली बसतो.