शुक्रवारच्या आत बॉयलर

—पाय पुसून ये, पोरी, हे काही स्टेशन नाही. आणि वाडगा बघ खाली, पाय लागेल— बेरिलचा पुडिंगचा वाडगा आहे तो, सकाळपासून दोनदा ओतलाय. गळतोय, हो, गळतोय बॉयलर, मी काही आंधळा नाहीये. हेझेलनं बोलावलं ना तुला? माझी मुलगी. बापाला विचारायची सोय नाही, सरळ फोन! अगं, एक्केचाळीस वर्षं गॅसचं काम केलंय मी या ओल्डहॅममध्ये— नॉर्मन ऑग्डनचं नाव काढ कुठल्याही म्हाताऱ्यापाशी— आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात बॉयलर बघायला कोण, तर ही! किती आठवड्यांचा कोर्स केलास? आठ? आठ आठवड्यांत आम्हाला कुणी पान्याला हात लावू देत नव्हतं.

काय म्हणालीस? जुना झालाय? वाटलंच! नाचता येईना, अंगण वाकडं. हा मी स्वतः बसवलाय, त्याला काही धाड भरलेली नाही. मला शुक्रवारपर्यंत घर गरम हवंय, बास. बेरिल येतेय शुक्रवारी— माझी बायको, खुबा मोडला तिचा, सात आठवडे झाले हॉस्पिटलात. पण त्याआधी तिथली ती बाई येणार, फॉर्म घेऊन, रेडिएटरला हात लावून बघणार. गार लागला, की बेरिल थेट म्हाताऱ्यांच्या होममध्ये. हेझेल तर टपूनच बसलीय. "डॅड, तुमच्याच्यानं व्हायचं नाही." माझ्याच्यानं होत नाही म्हणे! उडत गेली म्हणावं.

प्रेशर? पडतं कधीमधी, मी भरतो सकाळी. त्यात काय मोठंसं— ती खालची चंदेरी नळी, तिचा छोटा नळ उघडायचा, काटा दीडवर आला की बंद, आणि मग नळी काढून ठेवायची. काढून! नियमच आहे तसा, पण पाळतो कोण? सगळे मेले तशीच लटकत ठेवतात— हो, मीपण ठेवलीय, पण मला कळतं ना!— आणि मग नळ राहतो उघडा, पाणी भरतच जातं, काटा लाल पट्ट्यात, आणि बॉयलर लागतो गळायला. एक हेडमास्तर होता वर चर्चजवळ— दोनदा बोलावलं मला, दोन्हीदा नळ उघडा! पबमध्ये त्याची इतकी टिंगल केली मी, की त्यानं पबात पाऊल टाकणं सोडलं. अरे, ज्याला एक नळ आठवणीनं बंद करता येत नाही, त्यानं घर करून राहावं कशाला—

काय झालं? बोट काय दाखवतेस? नळ उघडा?

मी नाही. तूच लावला असशील हात. नाही लावलास? मग हेझेल... हेझेल लीड्सला असते. किटली वाजली असेल सकाळी, मी वळलो असेन. असेन काय, वळलोच. आणि तशी बघू नकोस माझ्याकडे, तुझी दया नकोय मला. तिसरी वेळ आहे ही, ऐकायचंय ना? बेरिल हॉस्पिटलात गेल्यापासून तिसरी. ती असताना एकदाही नाही— त्या खुर्चीतनं ओरडायची, विणकामातनं मानही वर न करता, "नॉर्मन, नळ!" दर वेळी! मी म्हणायचो, काय कटकट आहे या बाईची, एक्केचाळीस वर्षं काम केलेल्याला नळ शिकवते. दोन वर्षं ओरडत होती. दोन वर्षं, आणि हेझेलला एका शब्दानं बोलली नाही.

उतरवलास काटा? हं. थांबलं गळणं. तेवढं जमतं म्हणायचं तुला. हेझेलला काय सांगणार? वॉशर गेला होता म्हण. का नाही? मोठी आलीस खरं बोलणारी!

पाना दे इकडे. तो नाही, लहान. हं, निघाली. घे ही नळी. घे म्हणतो ना— टाक तुझ्या बॅगेत आणि घेऊन जा, या घरात नको ती. प्रेशर पडलं तर? तर तुला फोन करीन, तू येशील, आणि मेलं मला तुला चहा विचारावा लागेल. आज विचारला नाही, माहितेय. हेझेलला सांग, काय सांगायचं ते सांग. फक्त एवढंही सांग, की नळी बापानं आपल्या हातानं काढून दिली. चल, नीघ आता. आणि दार ओढून घे, ऊब जातेय सगळी.