नुसतं बानहोफ

...आणि खाली पाट्या नाहीत, हे आधी कुणी सांगायचं की नाही? पंधरा तासांचा सिनेमा. चार रविवार. सकाळी अकराला आत जायचं, मधे सूप प्यायला बाहेर सोडतात, परत आत. आणि पात्रं काय बोलतात ते लिहून दाखवणाऱ्या पाट्या असतात ना पडद्याच्या तळाशी, त्या नाहीत. कशाला असतील म्हणा. सिनेमा जर्मन, बघणारे जर्मन, मधे मी एकटा पद्माकर, जर्मनची दुसरी परीक्षा पास. होय, पास. बासष्ट टक्के. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला? तुम्हाला सांगतो, जिन्यामुळे. आमचा प्रणव राहतो इथे बॉबलिंगेनला, त्याच्या इमारतीत एक लाकडी पाटी फिरते, केरवोखं म्हणतात. ती ज्याच्या दारावर लटकली, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा. बघा, जिन्याला पाटी आहे, सिनेमाला नाही. तर खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले, वय ऐंशी, पाय मोडून बसलेल्या, म्हणून त्यांचाही जिना मीच झाडला सहा आठवडे, कोपऱ्यांतून फडकं मारून. बाई इतक्या खूश झाल्या की चौघांची तिकिटं हातात ठेवली. मी, प्रणव, सूनबाई ईप्सिता आणि नात अन्वी. म्हणाल्या, हा आमच्या खेड्यांचा सिनेमा आहे, हा बघितल्याशिवाय आम्ही तुम्हाला कळणार नाही. आता एवढ्यावर नाही म्हणता येतं का?

आणि खरं सांगू? मला जायचंच नव्हतं, ते पाट्यांमुळे नव्हे. पोराला खेटून पंधरा तास बसायचं होतं. दोन वर्षं झाली, मी त्याच्याशी एक खोटं बोललोय आणि तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे हवामान, गोळ्या आणि चहा घेणार का. आमची संध्या, याची आई, आजारी पडली, मी फोन केला, तर हा म्हणाला, बाबा, गुरुवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे ऑफिसात, शुक्रवारी निघतोच. ती गुरुवारी गेली. हा शनिवारी दारात, बॅग हातात तशीच. पहिला प्रश्न, आई काही म्हणाली का? मी म्हणालो, नाही रे, शुद्धीतच नव्हती. झालं. विषय संपला. संपला कसला, घरात पाहुण्यासारखा मुक्कामाला आला.

तर सिनेमा. एका खेड्यातल्या कुटुंबाची शंभर वर्षं. पहिल्या रविवारी पणजोबा बटाटे काढतात. दुसऱ्या रविवारी आजोबा बटाटे काढतात. मधे एक युद्ध होतं, त्यातून जे परत येतात ते पुन्हा बटाटे काढतात. आणि बोलतात काय? तुम्हाला सांगतो, आमच्या क्लासातल्या बाई बोलायच्या ते जर्मन म्हणजे रेडिओवरच्या बातम्या, हे म्हणजे तोंडात गरम बटाटा. अस्सल खेडवळ. मी प्रणवला कोपरखळी मारली, काय म्हणाला रे तो? तर हा सोळा वर्षं या देशात काढलेला माणूस मला म्हणतो, "आल्झो, म्हणजे बाबा, मलापण नीट कळत नाहीये." का, तर ऑफिसात सगळं इंग्लिश!

कळतंय कुणाला, तर नऊ वर्षांच्या अन्वीला. वर्गातल्या पोरांचे आजोबा असंच बोलतात म्हणे. पण तिला मराठी कळतं, बोलते जर्मन. मग आमची सोय अशी लागली, की अन्वी कुजबुजून ईप्सिताला जर्मनमध्ये सांगणार, ईप्सिता प्रणवला ओलांडून मला मराठीत सांगणार. "बाबा, तो म्हणतोय गाईला बरं नाही." तोवर पडद्यावर गाय मेलेली, पुरलेली आणि थोरल्याचं लग्न लागलेलं. मी विचारतो, ही नवरी कोण? मागून फ्राऊ हेबर्ले, "प्स्स्ट." आणि खाली पाट्या नाहीत.

तिसऱ्या रविवारी मात्र काय झालं सांगतो. त्या घरातली आई, रोझा नाव तिचं, तिचा धाकटा अमेरिकेला निघाला. खेड्यातलं स्टेशन, एक फलाट, एक बाक. ती काही बोलत नाही. तो काही बोलत नाही. गाडी येते. आणि मी एकदम सरसावून बसलो, कारण हे माझं खातं. चौतीस वर्षं तालुक्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो मी, काचेच्या खिडकीमागे बसून निरोप द्यायला आलेली माणसंच बघितली. रडणारी माणसं असतात ना, त्यांची काळजी नसते, ती रडून, तोंड धुऊन, भेळ खाऊन घरी जातात. जी आपलंच कापड चाचपत बसते, टोक गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते, तिला आतून माहीत असतं. ती रोझा एप्रनचं टोक गुंडाळत होती. आणि आमची संध्या मुंबईच्या विमानतळावर, प्रणवची पाठ दिसेनाशी झाली तरी ओढणीचं टोक... जाऊ दे.

तर मी रडलो. लपवणार काय त्यात. पुढे तो मुलगा परत येतो, म्हातारा झालेला, हातात हॅट, आणि घरात आईचा नुसता फोटो. त्या वेळी शेजारची खुर्ची वाजली. प्रणव उठून बाहेर गेला.

सुट्टीत सुपाच्या रांगेत फ्राऊ हेबर्लेंनी मला गाठलंच. काय हेर पद्माकर, म्हणजे श्रीयुत पद्माकर, कळलं का सगळं? मी मनात वाक्य जुळवलं. खोटं बोलायचं नाही ठरवलं. म्हटलं, जेवढं कळलं तेवढं सांगू, स्टेशन तेवढं कळलं. आणि छान स्वच्छ आवाजात म्हणालो, "इश फरश्टेहं नूर बानहोफ." मला फक्त स्टेशन कळतं.

अख्खी रांग हसली. सूप वाढणारी बाई पळी खाली ठेवून हसली. मला काही उमगेना. मग अन्वीनं जर्मनमध्ये आणि ईप्सितानं मराठीत समजावलं, की बाबा, हे असंच म्हणतात इथे, कुणाला ओ की ठो कळलं नाही की म्हणतात, मला नुसतं बानहोफ कळतंय. अहो, मला खरंच तेच कळलं होतं. आणि बरोबर कळलं होतं. पण हे सांगायला खाली पाट्या नाहीत.

एक माणूस हसला नाही. प्रणव. दारात उभा होता. म्हणाला, "बाबा, चला जरा बाहेर."

बाहेर तळं आहे, तिथल्या बाकावर बसलो. बदकं आली, आमच्याकडे काही नाही बघून गेली. मग तळ्याकडे बघतच म्हणाला, "आई शुद्धीत होती ना?"

काय करणार? पंधरा तासांतल्या नऊ-दहा तासांनी मला पार सोलून ठेवलं होतं. म्हणालो, "होती."

"मला विचारत होती?"

"दर अर्ध्या तासानं. प्रणवची गाडी लागली का, असं. तिला विमानसुद्धा गाडीच."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणायचो, लागतेय, पाच मिनिटांत."

तर हसला हो तो. डोळ्यांतून पाणी आणि हसतोय. कारण आमच्या घरात लहान पोराला माहीत, बाबा खिडकीतून पाच मिनिटांत म्हणाले, की गाडी आगारातून निघालेलीसुद्धा नसते. संध्याला तर लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत.

"म्हणजे तिला कळलं होतं," म्हणाला.

"कळलं होतं. म्हणून तर शेवटी मला म्हणाली..." आणि इथे मी अडकलो. हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. एकदा शुद्धीत नव्हती म्हटल्यावर, शुद्धीत नसलेली बाई निरोप कसा ठेवेल? पोराला लागू नये म्हणून खोटं बोललो, आणि त्या खोट्याखाली त्याच्या आईचं शेवटचं वाक्य दाबून बसलो. माझीच मला लाज वाटली.

"म्हणाली, अहो, तो आला की त्याला रागावू नका. म्हणावं, गाडीच लेट होती, तुझी काही चूक नाही."

प्रणव माझ्याकडे सरकला. मग माझा हात धरला, लहानपणी स्टँडवर धरायचा तसा, दोन बोटं. आतून अन्वी सांगायला आली, त्या दिवसाचा शेवटचा भाग सुरू झाला. जर्मनमध्ये सांगितलं, मला पहिल्या फटक्यात कळलं. आम्ही काही उठलो नाही.

तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं त्या खिडकीत बसलो. लोकांच्या छत्र्या, डबे, हरवलेली पोरं, कुणाकुणाचे निरोप, सगळं ज्याचं त्याला त्याच दिवशी पोचवलं. घरचा निरोप एकच होता, एका वाक्याचा. दोन वर्षं लेट. आणि त्यात गाडीची काही चूक नव्हती.