चष्म्यातली मुलगी आणि प्रणाली

आदरणीय अध्यक्ष किसनरावजी, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या माधवीताई, आणि अमरावती-अकोल्याहून आलेल्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज निरोप घेतो आहे. माधवीताईंनी आत्ता मला ‘चष्मेवाले सर’ म्हटलं. खरंच आहे ते. गेली तीन वर्षं प्रशिक्षणात आभासी वर्गाचा तो चष्मा मीच तुमच्या डोळ्यांवर चढवला. आत संगणकाने घडवलेली एक मुलगी वही घेऊन पुढे येते. तुम्ही तिच्या कामाबद्दल जसं बोलाल, तसा तिचा चेहरा फुलतो किंवा पडतो. आपलं बोलणं चुकलं तर ‘पुन्हा’ हे बटण दाबायचं. आमचे श्रावण सर पहिल्याच दिवशी तिचा कान धरायला गेले आणि टेबलावरचा पाण्याचा जग पाडून बसले. हसा, हसा. मला मात्र तेव्हा हसू आलं नव्हतं, त्याचं कारण आज सांगतो.

सगळ्यांच्या आधी तो चष्मा मी घातला होता. मुलीने वही पुढे केली. उत्तर बरोबर, रीत वेगळी. माझ्या तोंडून निघालं, “कोणाचं पाहून लिहिलं?” तिने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान माझ्या ओळखीची होती.

सव्वीस वर्षांपूर्वी मी भातकुलीकडच्या एका शाळेत होतो. प्रणाली नावाच्या सातवीतल्या मुलीने काळ-कामाचं गणित माझी रीत सोडून स्वतःच्या डोक्याने सोडवलं. मी भर वर्गात हेच विचारलं आणि तिला तासभर उभं ठेवलं. घरी येऊन तिची रीत कागदावर मांडून पाहिली, तर बिनचूक. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मास्तरने पोरांसमोर चूक कबूल करायची? एवढंच आडवं आलं. त्यानंतर तिचा हात वर्गात कधी वर झाला नाही. दहावीला गणितातच नापास झाली आणि शाळा सुटली.

चष्म्यातल्या मुलीसाठी मी ‘पुन्हा’ नऊ वेळा दाबलं. प्रणालीसाठी कोणतं बटण दाबणार होतो?

मागच्या महिन्यात मोर्शीला तिच्या घरी गेलो. तुझी रीत बरोबर होती, मला त्याच दिवशी कळलं होतं, असं सगळं सांगितलं. ती म्हणाली,

“सर, हे तवाच सांगाचं होतं ना. मले तं वाटे, आपल्याले गनित येतच नाही.”

मग तिने आतून आपल्या मुलीला वही घेऊन बोलावलं. “हिचं पाहा. अन् काय बोलता, ते मले आयकू द्या.”

उत्तर चुकलं होतं. चारशे शिक्षकांना शिकवलेला मी, पण या वेळी वही परत मुलीपुढेच ठेवली. मुलीला म्हटलं, “हे कसं केलं बाई, मले समजावून सांग.” ती सांगत गेली, मी ऐकत गेलो. तिसऱ्या पायरीवर ती आपणच अडखळली आणि तिने ते खोडून नीट केलं.

दारात उभ्या प्रणालीने विचारलं, “एवढंच होतं काय, सर?”

हो, एवढंच होतं.

अध्यक्षांचे, संस्थेचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. आपल्यापैकी कुणाला माझा शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. प्रणालीलाही आजची पत्रिका दिली होती. ती आलेली नाही, आणि तिचं काही चुकलेलं नाही. तुमच्या वर्गात कुणाला असं काही सांगायचं राहिलं असेल, तर उद्याच सांगा.