मेलेला हात

...आणि वर बर्निस मलाच म्हणते, "मर्व्ह, आधी मांड, मग बोल!" अहो, बोललो काय मी? एकच शब्द, "माहजाँग!" सोंगट्यांच्या ह्या खेळात जिंकणारा खेळाचंच नाव ओरडतो, आणि अकरा महिने मी तो दुसऱ्यांच्याच तोंडून ऐकत आलो, माझ्या तोंडून निघाला तेव्हा, तुम्हाला सांगतो, शेजारच्या टेबलावरून कुणी ओरडलं की काय असं मलाच वाटलं!

खुर्ची माझी नव्हेच. ती लेनोरची, माझ्या बायकोची. आमच्या फ्लोरिडातल्या सोसायटीच्या क्लबहाउसात एकवीस वर्षं दर मंगळवारी दुपारी ती तिथे बसली, आणि गेल्या वर्षीच्या एप्रिलात वारली. चौथं माणूस हवं म्हणून तिच्या टेबलावरच्या ह्या तिघींनी मला ओढलं. मी बुटांचा व्यापारी, नेवार्कला चाळीस वर्षं लोकांच्या पायांशी बसून काढलेली... पण घरात बसून तिच्या चपलांकडे तरी किती बघायचं, सांगा!

तर तिघींतल्या मिट्झीचं सुरू, "तिसऱ्या मजल्यावरची रोन्डा काय झकास खेळते गं!" शेवटी ठरलंच. कोणते हात, म्हणजे सोंगट्यांच्या कोणत्या जुळण्या, जिंकतात ते छापलेलं नवं कार्ड दर एप्रिलात येतं. ते यायच्या आत मर्व्हने एक डाव जिंकला तर खुर्ची त्याची, नाहीतर रोन्डाची. आणि हा डाव मार्चमधल्या शेवटच्या मंगळवारचा!

बर्निस म्हणजे आमचं सुप्रीम कोर्ट. "आधी मांड, मग बोल!" मांडल्या चौदा सोंगट्या. दुकानाची खिडकी जन्मभर सजवलेला माणूस मी. रंगाला रंग लावून अशा मांडल्या, की गिऱ्हाईक थांबलंच पाहिजे!

"खिडकी नकोय मला! कार्डावर आहे त्या क्रमाने, गट सुटे करून मांड."

डाव संपला म्हणून मिट्झी आपल्या सोंगट्या पाडायला निघाली, तर तिच्या हातावर चापट. "तपासल्याशिवाय कुणी काही मोडायचं नाही!"

पुन्हा मांडलं. जोडीत जोकर नाही ना? नाही! मोजल्यास? चौदा! मग तिचं बोट तिच्या कार्डावर वरून खाली, खालून वर...

"मर्व्ह, हा हात आहे कुठे?"

"ही काय तिसरी ओळ! पेन्सिलीने चांदणी काढलीय ना, तीच!" म्हणत मी लेनोरने शिवलेल्या कापडी पाकिटातलं कार्ड पुढे केलं. मिट्झीने ते बाहेर ओढलं.

"अगं बाई, हे तर गेल्या वर्षीचं! हात दरवर्षी बदलतात ना!"

गेल्या वर्षीचं! अकरा महिने! नवं आलं होतं हो, लेनोरच्या नावाने, ती गेल्यावर चौथ्या दिवशी. तो लिफाफा कोण फोडणार? आणि नुसता कार्डाचा रंग बदलत असेल असं नाही का वाटणार माणसाला? आमच्या धंद्यात नऊ नंबर दरवर्षी नऊच नंबर असतो!

"मेलेला हात," बर्निस म्हणाली. खेळातला शब्दच आहे तो, चुकीचा हात मांडला की मेला. तरी मिट्झीने खाली बघितलं. मेलेल्याने सोंगट्या परत आपल्याकडे वळवून ठेवायच्या आणि गप्प बसायचं, खेळ बाकीच्यांचा. मी उचलायला गेलो, तर बर्निसने मनगट धरलं. तिची नजर त्या चांदणीवर.

"वर्षभर ह्याच हाताच्या मागे होती लेनोर. एकदाही लागला नाही. राहू दे मांडलेला."

नियमात बसत नाही हे. बर्निसच्या तोंडून! चार फेऱ्यांत मिट्झी जिंकली, आणि काय नीट मांडला म्हणून सांगू तिने, जळजळ झाली मला...

निघताना मिट्झी हळूच बर्निसला म्हणाली, "मग रोन्डाला कळवू ना?"

"कशाला? हा माणूस ह्या वर्षीच्या कार्डावर खेळलाच नाही, तर हरला कधी? आता नव्या कार्डापासून मोजू."

नवं कार्ड आलं. माझ्या नावाने. पाकिटात घातलंय, तिच्या कार्डाच्या पुढे. आज सातवा मंगळवार... अजून काही मांडलेलं नाही, काही बोललेलो नाही. हरतो तसाच, पण आता नियमाने हरतो!