डबा पुढून जोडला

आप्पा : मंग हँग कवा झालं?

मोनाली : तिसऱ्या डावात. सराव सामना बघायला अख्खी शाळा बसलेली. मी माईकवर सांगितलं होतं, माझा खो-खोचा प्रोग्राम काहीच विसरत नाही. मग तो हलायचंच विसरला.

आप्पा : आन् आज फायनल.

मोनाली : चार वाजता. तोवर जमलं नाही तर खेळाच्या सुलक्षणाबाई नोंदींसाठी फळा-खडू घेणार.

आप्पा : करतो काय त्यो?

मोनाली : कोण कुठं पळतंय, सेकंदाला दहा नोंदी. पंचांनी निर्णय फिरवला तर मागच्या क्षणाला जाता यावं, म्हणून जुनी यादी बदलायची नाही. दर नोंदीला नवी यादी.

आप्पा : अख्खी?

मोनाली : अख्खी. पंधरा हजार याद्या झाल्या. मेमरीतला कचरा उचलायला गार्बेज कलेक्टर असतो, पण कुणी धरून ठेवलेलं तो नेत नाही. आणि मी सगळंच धरून बसलेय.

आप्पा : तुझ्या पाचवीच्या वह्यांवानी.

मोनाली : वह्यांचा विषय नको.

आप्पा : जुनं तेच हाय, तर परत का लिहितीस?

मोनाली : नोंद शेवटी जोडते ना. तुमच्या रेल्वेच्या भाषेत, शेवटच्या डब्याच्या कपलिंगला हात लागला की तो जुना राहत नाही. मग त्याची नक्कल. त्याच्या पुढच्याचं कपलिंग आता या नकलेला, म्हणून त्याचीही नक्कल. असं पार इंजिनापर्यंत.

आप्पा : दौंडच्या यार्डात मी असं शंटिंग केलं असतं, तर साहेबानं घरी बसवलं असतं.

मोनाली : बसवलंय ना मला.

आप्पा : नवा डबा पुढून लाव की. त्याचं कपलिंग मागं अडकव. जुन्या गाडीला कुणी शिवलंच न्हाई.

मोनाली : आणि पंचांनी फिरवलं तर... पुढचे डबे सोडून द्यायचे. ते कुणी धरलेलेच नसतील, कलेक्टर नेईल. थांबा, आप्पा.

आप्पा : थांबलोय. सिग्नल पडंपर्यंत.

(ती लॅपटॉपवर छत्तीस मिनिटांचा खोटा सामना भरभर पळवते.)

मोनाली : चारही डाव झाले. लॅपटॉपचा पंखासुद्धा फिरला नाही. एक ओळ बदलली फक्त. कालपासून मी सगळ्या जगाला विचारलं, शेजारची तुमची खोली सोडून.

आप्पा : शेजारच्या खोलीला काय म्हणली व्हतीस?

मोनाली : ‘तुम्हाला नाही कळायचं.’ तेही माईकवरच्याच आवाजात.

आप्पा : मंग आता आमचं नाव बिव टाकशील का त्यात?

मोनाली : टाकलं. पहिल्या नोंदीच्याही आधी. म्हणून कुठलीही यादी उघडा, तुम्ही शेवटी दिसता.

आप्पा : म्हंजी गार्डाचा डबा. चालंल.