सातवीच्या हातातला दगड

सातही लेकरांना अंगाखांद्यावर खेळवलेली उर्सुला दाई चर्चची फरशी झाडत होती. पलीकडे घराण्याच्या कबरीपाशी लॉर्ड हेदरिज पाथरवटाशी बोलत होते.

“सरकार, कबरीवर सातही मुलांच्या मूर्ती गुडघ्यांवर बसवल्यात. गेलेल्यांच्या हातात कवटी द्यायची ना, रीतीप्रमाणं?”

“हो. सहाजणांच्या.”

“म्हणजे धाकट्या बाईसाहेबांचे हात नुसते जोडतो.”

“नको. तिच्या हातात दगडाचा गोळा राहू दे.”

“गोळा कशाला, सरकार?”

“बरी झाली तर छिन्नीनं काढून टाक. नाही झाली तर त्यातूनच कवटी कोर.”

उर्सुलाचा झाडू थांबला.

“जित्या माणसाच्या हातात असलं काही ठेवू नये, सरकार,” पाथरवट म्हणाला. “वेळ आलीच तर मी कवटी मागाहून बसवून देईन.”

“मागाहून बसवलेल्या दगडाचा सांधा दिसतो.”

“दिसतो खरा. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिनंच. परवा इथं येऊन भावंडांचे हात निरखून गेली.”

“आणखी काही म्हणाल्या?”

“गोळा जरा मोठा ठेवायला सांगा म्हणाली. ‘बाकीची सगळी लहानपणीच गेली, बाबा. मी एकोणीस वर्षांची आहे.’”